पिन कुणाची?

नवा ट्रॅक्टर घ्यायला गेलेला माणूस हॉर्सपॉवर विचारतो, डिझेल किती खातो विचारतो, हायड्रॉलिक किती वजन उचलतं विचारतो, आणि हप्ता किती बसेल हे तर दहादा विचारतो. ट्रॉली करायला टाकताना पत्रा किती जाड, टायर नवे की रिमोल्ड, हौदा केवढा, मागच्या फाळक्यावर कुलदैवताचं नाव कुठल्या रंगात, हे सगळं ठरवून होतं. पण ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांना जोडणाऱ्या वीतभर पिनेबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. ती अशीच कुठूनतरी येते. पहिली हरवली की दुसरी येते, दुसरी हरवली की पहारेचा तुकडा येतो. आणि हंगाम सुरू झाला की 15-20 टन ऊस, ट्रॅक्टरवर बसलेला ड्रायव्हर, मागून येणारा मोटरसायकलवाला, कडेनं चालणारं शाळेचं पोर, या सगळ्यांचा जीव त्या वीतभर लोखंडावर टांगलेला असतो.

या पिनेवरून मला पडलेला प्रश्न पारावरचाच आहे. जी वस्तू सगळ्यांच्या उपयोगाची आहे पण कुणाच्याच डोळ्यांसमोर नाही, तिची निगा कुणी राखायची? आणि ती न राखल्यामुळं तिसऱ्याच माणसाचा घात झाला, तर त्याला नशीब म्हणून मोकळं व्हायचं का?

शहरातल्या वाचकांसाठी आधी हा जोड कसा असतो ते सांगतो. ट्रॅक्टरच्या पाठीमागं खालच्या अंगाला लोखंडाचा एक जबडा असतो. वर एक जाड पट्टी, खाली एक जाड पट्टी आणि दोन्हींना आरपार भोक. आम्ही त्याला हूकच म्हणतो, दिसायला तो हुकासारखा नसला तरी. ट्रॉलीतून पुढं आलेल्या दांडीच्या टोकाला जाड कडी असते. ट्रॅक्टर मागं घेऊन ती कडी जबड्यात आणायची, भोकाला भोक जुळवायचं आणि वरून पिन सोडायची. खाली निघालेल्या पिनेच्या टोकाला बारीक भोक असतं, त्यात क्लिप अडकवायची. जाणता माणूस एवढ्यावर थांबत नाही. दांडीपासून ट्रॅक्टरपर्यंत एक साखळीही टाकतो, म्हणजे उद्या पिन निसटलीच तर ट्रॉली मोकळी धावणार नाही. उसाला बहुतेक एकामागं एक अशा दोन ट्रॉल्या असतात, त्यामुळं असाच दुसरा जोड पहिल्या ट्रॉलीच्या शेपटाला असतो. ड्रायव्हरला मान वळवूनही तो दिसत नाही.

या जोडात थोडा ढिलेपणा लागतोच. रस्ता वळतो, खड्डा येतो, बांधावरून उतरताना ट्रॅक्टर एका अंगाला कलतो आणि ट्रॉली दुसऱ्या अंगाला. कडी घट्ट आवळून टाकली तर दांडी पिळवटेल, नाहीतर वेल्डिंग तुटेल. आणि ढिलेपणा जास्त झाला तर क्लच सोडला की पुढं हिसका, ब्रेक मारला की मागून धडक. हिसका बसला की लोखंडावर लोखंड आपटतं, आपटलं की झिजतं, झिजलं की ढिलेपणा वाढतो आणि मग हिसका आणखी मोठा होतो. एका हंगामात पिन मधोमध कंबर आवळल्यासारखी बारीक होते. कडीचं भोक गोल होतं ते अंड्यासारखं लांबट होतं. हे सगळं आतल्या अंगानं चाललेलं असतं. वरून बघणाऱ्याला पिनेचा दांडा आणि खालची क्लिप तेवढी दिसते.

ग्रीस लावायचं ते एवढ्यासाठी. ग्रीस म्हणजे काही जादू नव्हे. साबणात धरून ठेवलेलं तेल म्हणजे ग्रीस. चुन्याच्या साबणाचं असतं, लिथियमच्या साबणाचं असतं. पहिलं पाण्याला दाद देत नाही, दुसरं उष्णतेला जास्त टिकतं. नुसतं तेल लावलं तर ते गळून जातं, साबण त्याला जागेवर धरतो. मग लोखंड लोखंडावर थेट घासत नाही, मध्ये एक पातळ पडदा राहतो. पण या पडद्याचा एक दोष आहे. तो धूळ धरतो. आमच्या रस्त्यांवरची धूळ, फडातली माती, कारखान्याच्या आवारातली राख, सगळं त्या ग्रीसला येऊन चिकटतं. चार दिवसांनी तिथं ग्रीस राहत नाही, घासायची पॉलिश पेपरसारखी पेस्ट तयार होते. काळं, जाड, चकाकणारं. नवखा माणूस बघून म्हणतो, भरपूर ग्रीस आहे की. खरं म्हणजे तीच कडीला खात असते. म्हणून जुन्या ग्रीसवर नवं ग्रीस थापणं हे ग्रीस न लावण्यापेक्षा फार चांगलं नाही. आधी पिन काढायची, डिझेलच्या चिंधीनं पुसायची, कडीच्या भोकात बोट फिरवायचं, वेल्डिंगच्या कडेला तडा गेलाय का ते उजेडात बघायचं आणि मग पातळ हात मारायचा. या सगळ्याला चहा पिण्याइतका वेळ लागतो.

माणसांच्या जोडांचंही असंच आहे. भावाभावांत कुरबूर झाली की घरातली वडीलधारी माणसं म्हणतात, झालं गेलं विसरा, गोड बोला. गोड बोलणं हे वंगणच आहे. पण मधली माती पुसल्याशिवाय घातलेलं गोड बोलणं आतून आणखी कापत जातं. अशी घरं मी बघितलीत. दिवाळीला एका पंगतीत बसलेले भाऊ पाडव्याला वाटणीच्या कागदावर सह्या करतात.

आमच्या बापजाद्यांना वंगणाचं महत्त्व शिकवावं लागलं नाही. बैलगाडीच्या आसाला वंगण नसलं की चाक कुरकुरायचं, आणि ते अख्ख्या गावाला ऐकू जायचं. पाणवठ्यावरच्या बायका हसायच्या. म्हणून एरंडेल मुरवलेल्या चिंध्यांचं नळकांडं गाडीखाली लटकवलेलंच असायचं. आणि जिथं बैल आणि गाडी यांचा खरा जोड, म्हणजे बैलाचा खांदा, त्याची निगा तर सणानंच बांधून दिलेली होती. बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. हळद आणि तूप घेऊन बैलाचा खांदा मळायचा, गरम पाण्यानं शेकायचा. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याची ती माफी मागणंच होतं म्हणा. आणि खांदा बोलायचा. सुजायचा, आवाळू धरायचा, जू दिसलं की बैल मान काढून घ्यायचा. मालक कितीही घाईत असला तरी त्याला थांबावं लागायचं, कारण बैल पाऊलच उचलायचा नाही.

लोखंड मान काढून घेत नाही. फरक आहे तो इथं. बैलाची निगा राखायला मनात दया असली तरी पुरतं. लोखंडाला दया कशी यावी? त्याला दुखत नाही. आपण खंडेनवमीला ट्रॅक्टर धुतो, हळद-कुंकू लावतो, दसऱ्याला झेंडूचा हार घालतो, ते चांगलंच आहे. पण तो हार रेडिएटरच्या जाळीवर असतो. मागच्या पिनेपर्यंत आरतीचं ताट जात नाही. लोखंडाची निगा राखायला दयेपेक्षा वेगळं काहीतरी लागतं. जो माणूस आता आपल्यासमोर नाही, ज्याचं नाव आपल्याला माहीत नाही, तो उद्या या ट्रॉलीच्या मागं असेल, हे मनात आणावं लागतं. दया डोळ्यांसमोरच्याची येते. ही न दिसणाऱ्याची काळजी आहे आणि ती शिकावी लागते.

चार-पाच वर्षांमागं आमच्या शेजारच्या गावात एक प्रसंग घडला. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढ्याचा चढ चढत होत्या. मागची ट्रॉली सुटली, उताराला उलटी धावली आणि चारीत जाऊन कलंडली. त्या आधी तिनं दुधाची किटली घेऊन डेअरीकडं निघालेल्या एका म्हाताऱ्याला कडेला दाबलं. जीव वाचला, पाय दोन ठिकाणी मोडला. ते म्हातारं माणूस पुन्हा काठीशिवाय चाललं नाही. पोलिसांत जायचं नाही असं दोन्हीकडच्यांनी ठरवलं. ते योग्य की अयोग्य हा वेगळा विषय. देवळात बैठक बसली. बाहेर गावची चार माणसं बोलवावी म्हणून मलाही निरोप आला.

सुटलेली पिन देवळाच्या पायरीवर ठेवली होती. मधोमध झिजलेली. खालच्या भोकात क्लिप नव्हती, बाइंडिंग तारेचा तुटका पीळ तेवढा होता. ज्याला यंत्रातलं थोडंफार कळतं त्याला काय झालं ते सांगावं लागत नव्हतं. तार घासून तुटली. खाली अडवायला काही उरलं नाही. मग प्रत्येक खड्ड्याला पिन थोडी थोडी वर सरकत गेली आणि चढाला शेवटचा हिसका बसला तशी बाहेर आली. साखळी नव्हतीच.

मालक म्हणाला, "गाडी ड्रायव्हरच्या ताब्यात असतीया. रोज निघायच्या आधी पिन बघायचं काम त्याचं. मी काय फडात येऊन हूक तपासू?"

ड्रायव्हर बीडकडचा, पंचविशीतला. खाली मान घालून म्हणाला, "क्लिप हरवल्याचं मालकांना सांगितलं होतं. आणतो म्हणाले."

वेल्डरलाही बोलावलं होतं. तो म्हणाला, "कडीचं भोक मोठं झालंय, बुश मारून घ्या, असं मी दिवाळीतच म्हटलं होतं. पण पुढच्या बारीला करू म्हणाले. माझ्या हातात काय?"

तिघांचंही खरं होतं. तिघंही खोटं बोलत नव्हते आणि तरी पाय मोडला होता. मग बैठकीतल्या एका वयस्कर माणसानं नेहमीचा शब्द काढला. म्हणाला, "जाऊ द्या, त्याच्या नशिबात व्हतं." सगळ्यांना बरं वाटलं. नशीब हा शब्द असाच आहे, तो काढला की बसलेल्या प्रत्येकाच्या खांद्यावरचं ओझं उतरतं. दवाखान्याचा खर्च मालकानं द्यायचा आणि त्यातला काही भाग ड्रायव्हरच्या पगारातून कापायचा, असं ठरत आलं.

तेव्हा ते म्हातारं माणूस बोललं. त्याला खुर्चीत बसवून आणलं होतं. "नशीब माझं आसंल," ते म्हणालं, "पण तार तर कुणीतरी बांधलीच की." मग पोराकडं वळून म्हणालं, "पोरा, तुझ्या पगारातलं मला काय नको. फकस्त एवढं सांग. तार बांधताना तुला कळत व्हतं का नव्हतं?"

"कळत होतं, बाबा."

"मग बोलला का न्हाईस?"

पोरगा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "गाडी नेत नाही म्हटलं असतं तर दुसरा ड्रायव्हर आला असता. आणि माझी उचल फिटायची हाय."

देवळात कुणी काही बोललं नाही. पगार कापायचा विषय तिथंच सुटला.

त्या दिवसापासून मी या गोष्टीवर विचार करतोय. पहिली गोष्ट मला अशी दिसते, की जबाबदारीची वाटणी आपण भाकरीसारखी करतो. एक भाकरी तिघांत वाटली की प्रत्येकाला तिसरा हिस्सा येतो. तशी मालकाची थोडी, ड्रायव्हरची थोडी, वेल्डरची थोडी, असं आपण म्हणतो. प्रत्येकाला आपला तुकडा इतका लहान दिसतो की तो नाही उचलला तरी चालेल असं वाटतं. पण पिन तिसरा हिस्सा लावता येत नाही. ती एकतर अडकवलेली असते नाहीतर नसते. म्हणून अशा ठिकाणी जबाबदारी तिघांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला ती पुरी येते. दुसऱ्यानं बघितलं असेल या भरवशावर आपलं बघणं सुटत नाही. विहिरीवर चार माणसं असली आणि पोर पाण्यात पडलं, तर मी पाव जबाबदार म्हणून पाव हात पुढं करतो असं कुणी करत नाही.

पण एवढ्यावर थांबलं तर अन्याय होईल, आणि तो त्या पोरावर होईल. बघायची जबाबदारी तिघांवर सारखी असली तरी करायची ताकद तिघांकडं सारखी नव्हती. क्लिप आणायला पैसे मालकाकडं होते. गाडी थांबवायचा अधिकार कागदावर कुणाचाही असो, खऱ्या अर्थानं तोही मालकाकडंच होता. ज्याला "नाही" म्हणता येत नाही त्याच्या माथी दोष मारणं सोपं असतं. म्हणून मी असं म्हणेन, की मालकाची चूक क्लिप न आणण्यात जेवढी होती त्याहून मोठी दुसरीकडं होती. आपल्या ड्रायव्हरला "ही गाडी आज हलणार नाही" असं म्हणायची भीती वाटते, ही स्थिती त्यानं चालू दिली. ज्या घरात, ज्या कारखान्यात, ज्या शेतात खालचा माणूस दोष दाखवायला भितो, तिथं सगळ्या पिना तारेनंच बांधलेल्या आहेत असं समजावं.

यंत्राचा एक नियम आहे. चांगला कारागीर कडीच्या भोकात बुश बसवतो. बुश मऊ आणि स्वस्त, कडी कठीण आणि महाग. झीज व्हायची ती बुशाची व्हावी, तो काढून फेकता येतो आणि नवा ठोकता येतो, कडी शाबूत राहते. यंत्रात हे शहाणपण आहे. आपण तोच नियम माणसांना लावतो तेव्हा ते पाप होतं. हंगाम चालावा म्हणून कुणीतरी स्वस्त माणूस झिजायला ठेवायचा आणि तो झिजला की दुसरा ठोकायचा. पोरगा म्हणाला ना, दुसरा ड्रायव्हर आला असता. आपण बुश आहोत हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

यावर मालकाची बाजूही ऐकली पाहिजे. तो काही सावकार नव्हता. ट्रॅक्टरचा हप्ता अंगावर, टोळीला दिलेली उचल अंगावर, एक खेप चुकली की कारखान्याच्या आवारात नंबर मागं जातो. घाई ही त्याचीही मालकीण होती. मला त्याचा राग येत नाही. पण घाई खरी असली तरी तिची किंमत कुणी मोजायची, हा प्रश्न उरतोच. घाई मालकाची, हप्ता मालकाचा आणि पाय मात्र दूध घालायला निघालेल्या माणसाचा, हा हिशोब कुठल्याच धर्मात बसत नाही. स्वतःचा जीव धोक्यात घालणाऱ्याला आपण फार तर वेडा म्हणू. दुसऱ्याला न विचारता त्याचा जीव आपल्या घाईत गहाण टाकणं याला वेडेपणा म्हणता येत नाही.

आता नशिबाबद्दल. मी नशीब मानत नाही असं नाही. शेती करणारा माणूस नशीब न मानता जगूच शकत नाही. पाऊस कधी येईल, गारा कुठं पडतील, बाजार कधी चढेल, यावर आपलं काही चालत नाही. तेव्हा नशीब म्हणणं हा धीर असतो. पण त्याच सवयीनं आपण ज्या गोष्टी आपल्या हातात होत्या त्यांनाही नशीब म्हणायला लागलो. गारपीट आणि बाइंडिंग तार यांना एकच शब्द वापरला की गारपिटीचं दुःख हलकं होत नाही, तारेचा दोष तेवढा पुसला जातो. चिंधीनं पुसायची ती माती आणि आपण पुसतो तो दोष.

कीर्तनात आपण कैकेयीची गोष्ट ऐकतो. दशरथ राजा देवांच्या बाजूनं लढायला गेला, ऐन युद्धात रथाच्या चाकाची खीळ निसटली आणि कैकेयीनं आपलं बोट तिथं घालून रथ सावरला. त्यावर खूश होऊन राजानं दोन वर दिले आणि पुढं त्याच वरांवर रामाला वनवास घडला. बुवा या गोष्टीतून कैकेयीचं शौर्य सांगतात, पुढं तिचा हट्टही सांगतात. मला आपला दुसराच प्रश्न पडतो. एवढ्या मोठ्या राजाचा रथ लढाईला निघाला तेव्हा ती खीळ कुणी तपासली होती? सारथ्यानं, सुतारानं की घोडे जुंपणाऱ्यानं? गोष्ट त्यावर काही सांगत नाही. बोट घालणारी राणी कथेत अमर होते. सकाळी उठून खीळ ठोकून बघणारा माणूस कथेत येतच नाही. त्यानं ती नीट ठोकली असती तर बोट घालावं लागलं नसतं, वर द्यावे लागले नसते आणि पुढचं रामायण वेगळंच झालं असतं.

निगा राखणाऱ्याचं हेच दुखणं आहे. त्याच्या कामाला बातमी नाही. ट्रॉली सुटली की चार गावं गोळा होतात, न सुटलेल्या ट्रॉलीला कोण हार घालतो? घरातल्या बायकांना हे मुद्दाम सांगायची गरज नाही. भिंत बांधणाऱ्याचं नाव राहतं, ती दर सणाला सारवणारीचं कुणी घेत नाही. पण सारवलं नाही तर दोन पावसाळ्यांत भिंत पोपडे धरते. जग उभं करणारे थोडे असतात आणि ते पडू न देणारे पुष्कळ. आपण पहिल्यांची चरित्रं वाचतो आणि दुसऱ्यांच्या जिवावर जगतो.

वंगण या शब्दाची आपण बरीच विटंबना केलीय. कचेरीत काम अडलं की लोक हसत म्हणतात, थोडं वंगण घाला. तिथं वंगण म्हणजे टेबलाखालून दिलेली नोट. पुढाऱ्यापुढं जीभ सैल सोडण्यालाही आपण तेल लावणंच म्हणतो. पण खऱ्या वंगणाची खूण वेगळी आहे. खरं वंगण दोन्ही बाजूंची झीज कमी करतं, आणि लाचेनं एकाचं काम सरकतं पण रांगेतला दुसरा तेवढाच जास्त झिजतो. आपल्या जुन्या भाषेनं तेलाला आणि मायेला एकच शब्द दिलाय, स्नेह. ज्यानं तो शब्द वापरात आणला त्यानं चाकाचा आस आणि माणसाचं मन दोन्ही जवळून बघितलं असणार. पण त्यातही एक धोका आहे. ग्रीस जाड थापलं की खालचा तडा दिसत नाही. वेल्डिंगला गेलेली केसासारखी रेघ ग्रीसखाली झाकली जाते आणि माणूस निर्धास्त राहतो. झीज थांबवणं ग्रीसच्या हातात आहे, झालेली झीज भरून काढणं नाही. झिजलेली पिन बदलावीच लागते. स्नेहाचंही तसंच. ड्रायव्हरला प्रेमानं चहा पाजला, सणाला कापड दिलं, म्हणून क्लिप आणायची राहून चालत नाही.

1988 चा मोटार वाहन कायदा ट्रॉलीला ट्रॅक्टरपासून वेगळी ओळख देतो, तिची नोंदणी वेगळी होते. हंगामाच्या तोंडाला कारखान्यांकडून ट्रॉल्यांच्या पाठीला रेडियमच्या पट्ट्या लावायच्या मोहिमा निघतात, त्यामुळं अंधारात मागून येणाऱ्याला उभी ट्रॉली दिसते. हे सगळं झालंच पाहिजे. पण कायदा फाळक्यापर्यंत पोचतो, कडीच्या आतल्या भोकात त्याचं बोट जात नाही. तिथं आपलंच बोट घालावं लागतं. 2 टनांचा ट्रॅक्टर मागं 15-20 टन ओढत असतो आणि बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. उताराला ट्रॅक्टर ट्रॉलीला नेत नाही, ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलते. अशा वेळी डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारा ड्रायव्हर आणि ऊस सगळा मागच्या टोकाला भरून दांडी वर उचलायला लावणारी टोळी, दोघंही त्या पिनेवर जास्तीचं कर्ज काढत असतात. पिन ते फेडते. किती दिवस, ते तिची कंबर बघितल्यावर कळतं.

दसरा-दिवाळीनंतर आमच्या कृष्णाकाठच्या रस्त्यांवर बीड, अहिल्यानगरकडून टोळ्या यायला लागतात. त्याच ट्रॉल्या, पण तेव्हा आत ऊस नसतो. कोपीचे बांबू, ताडपत्री, भांडी, ज्वारीची पोती, कोंबड्या, एखादी शेळी, आणि या सगळ्यावर बसलेली बायका-पोरं. रात्रभर प्रवास करून आलेली. पोरं आईच्या मांडीवर झोपलेली असतात. ट्रॉलीत बसलेल्या बाईला पिन म्हणजे काय ते माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही नाही. तिनं ज्याच्या भरवशावर पोराला झोपवलंय तो भरवसा तिनं कुणाला बोलून दाखवलेला नाही. कागद झालेला नाही, शपथ झालेली नाही. तरी तो आपल्यावर टाकलेला आहे. माझ्या मते माणसाची नीतिमत्ता इथंच कळते. जे वचन आपण तोंडानं दिलं ते पाळणारे बरेच असतात. जे वचन आपण दिलंच नाही पण कुणीतरी झोपेत आपल्याकडून घेतलंय, ते पाळणारे मोजके.

म्हणून पिन कुणाची, या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर असं आहे. विकत घेताना ती मालकाची. अडकवताना ती ज्याच्या हातात असेल त्याची. बघताना ती जो बघेल त्याची, मग तो रस्त्यानं जाणारा का असेना. कारखान्याच्या रांगेत उभ्या ट्रॉलीच्या पिनेला तार दिसली तर "मालक, क्लिप टाका" असं म्हणायला काही लागत नाही. फार तर समोरचा म्हणेल, तुम्हाला काय करायचंय. म्हणू द्यावं. आणि जो म्हाताऱ्यासारखा रस्त्याच्या कडेनं चाललाय, त्याची ती सगळ्यात जास्त. कारण झिजते ती आपल्याकडं आणि तुटते ती त्याच्यावर.